६४० पिक्सेलच्या चौकटीत २८ पॉइंटचे शीर्षक : 'बीबीप्लॉट'चा प्रकरण अभ्यास

२०१९ च्या सुरुवातीला बीबीसी न्यूजच्या 'व्हिज्युअल अँड डेटा जर्नलिझम' चमूने दोन गोष्टी सर्वांसाठी खुल्या केल्या. पहिली, 'बीबीप्लॉट' नावाचे, आर या आकडेवारीच्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकभाषेतले लहानसे पॅकेज. दुसरी, ते वापरून रेषालेख, स्तंभालेख, डंबेल आलेख कसे काढायचे हे पाककृतींच्या वहीसारखे सांगणारी पुस्तिका. वापरणाऱ्याने हाताळावीत अशी फंक्शन्स पॅकेजमध्ये दोनच आहेत : 'बीबीसी_स्टाइल' आणि 'फायनलाइझ_प्लॉट'. दोन्हींचा कोड मिळून दोन पानांत मावतो. एवढ्याशा साधनाने काय साधले, ते कुठे अपुरे पडते आणि मराठी आलेखांसाठी ते वापरायचे तर नेमके काय बदलावे लागते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मुळात अडचण काय होती? चमू आकडेवारीचे विश्लेषण आणि कच्चे आलेख आरमध्ये करत होता. जीजीप्लॉट२ या आरमधल्या आलेख काढण्याच्या पॅकेजमधला न सजवलेला आलेख लगेच ओळखू येतो : राखाडी पार्श्वभूमी, त्यावर पांढऱ्या रेषा, ११ पॉइंटचा बारीक मजकूर, उजवीकडे रंगसूची. तो वाचकापुढे ठेवण्याआधी संस्थेच्या वळणात आणावा लागतो, आणि ते काम चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने केले की आकडा बदलल्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. उमटणारा आलेख थेट कोडमधून निघावा, तोच कोड पुन्हा चालवला की तोच आलेख मिळावा आणि आरमध्ये नव्याने आलेल्या माणसालाही तो काढता यावा, हे उद्दिष्ट चमूने जाहीरपणे मांडले होते.

पहिले फंक्शन : काय ठरवले

'बीबीसी_स्टाइल' आलेखाच्या शेवटी अधिक चिन्हाने जोडायचे. त्यात ठरवलेल्या गोष्टी अशा. शीर्षक हेल्व्हेटिका फॉन्टमध्ये, ठळक, २८ पॉइंट. उपशीर्षक २२ पॉइंट, वर-खाली ९ पॉइंटची मोकळी जागा. अक्षांवरचे आकडे आणि रंगसूचीतला मजकूर १८ पॉइंट. मजकुराचा रंग शुद्ध काळा नाही, तर लाल-हिरवा-निळा तिन्ही ३४, म्हणजे काळ्याच्या जवळचा गडद राखाडी. रंगसूची वर, तिचे शीर्षक काढलेले. अक्षांची नावे काढलेली, अक्षरेषा आणि खुणा काढलेल्या, बारीक जाळीरेषा काढलेल्या. उरतात त्या फक्त आडव्या मुख्य रेषा, रंग २०३-२०३-२०३.

या यादीत 'काढलेले' हा शब्द सर्वांत जास्त वेळा येतो, आणि माझ्या मते या शैलीचे खरे बळ त्यातच आहे. अक्षाचे नाव काढले की 'वर्षे' की 'टक्के' हे उपशीर्षकात लिहावेच लागते. रंगसूची वर आणली की डोळा आधी रंग वाचतो, मग रेषा. आडव्या रेषा इतक्या फिकट का? पांढऱ्यावर त्या राखाडीचा प्रकाशभेद (कॉन्ट्रास्ट) जेमतेम १.६ पट भरतो. आकडा ताडून पाहायला तेवढा पुरतो आणि आकडेवारीच्या रेषेशी त्याची स्पर्धा होत नाही. संस्थेची ओळख म्हणजे कोपऱ्यातले बोधचिन्ह असे मानून काम सुरू करणाऱ्यांनी हे फंक्शन एकदा ओळ न ओळ वाचावे. बोधचिन्हाचा त्यात उल्लेखही नाही.

काय ठरवले नाही

रेषांचे आणि स्तंभांचे रंग या फंक्शनमध्ये नाहीत. बहुतेकांना ही चूक वाटते, कारण ब्रँडिंग म्हटले की पहिल्यांदा रंगच आठवतात. पण रंगाला अर्थ असतो. एका आलेखात निळा म्हणजे स्त्रिया, दुसऱ्यात तोच निळा म्हणजे २००७ साल. शैलीने परस्पर निळा वाटून टाकला तर एकाच बातमीतल्या दोन आलेखांत तो वेगवेगळ्या गोष्टींना जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक आलेखाला रंग हाताने दिलेले आहेत. वारंवार येणारी जोडी निळा (१९-१२८-१६१) आणि पिवळा (२५०-१७१-२४) ही.

ही जोडी मोजून पाहण्यासारखी आहे. पांढऱ्यावर निळ्याचा प्रकाशभेद सुमारे ४.५ पट आहे. मजकुरासाठी सुलभतेच्या मानकांची मर्यादाही ४.५ च, म्हणजे निळा काठावर उत्तीर्ण. पिवळ्याचा भेद १.९ च्या आसपास. त्यामुळे पिवळा स्तंभ चालतो, पण त्याच पिवळ्या अक्षरांत रेषेशेजारी नाव लिहिले तर ते वाचता येत नाही. नाव गडद राखाडीत लिहून रेषेला चिकटवावे. एकमेकांशी मात्र या दोन रंगांचा भेद २.३ पटींहून जास्त आहे, म्हणून कृष्णधवल छपाईतही ते वेगळे दिसतात. स्वतःच्या संस्थेचे रंग ठरवताना ही तीन मापे काढावीत : पांढऱ्यावर पहिला, पांढऱ्यावर दुसरा, आणि एकमेकांवर. बोधचिन्हातले दोन रंग सुंदर दिसतात एवढ्यावर ते आलेखाला लावू नयेत.

शून्याची रेषाही शैलीत नाही. पुस्तिकेत ती दर वेळी वेगळी ओळ लिहून काढली आहे, जाडी १, रंग ५१-५१-५१. कारण साधे आहे : शून्य कुठे आहे हे आकडेवारी सांगते, सजावट सांगू शकत नाही. तीच गोष्ट आलेखावर लिहिलेल्या टिपांची. जीजीप्लॉट२ मध्ये थीमचा, म्हणजे सजावटीच्या नियमांच्या संचाचा, ताबा फक्त चौकटीच्या मजकुरावर चालतो. आलेखाच्या अंगावर लिहिलेला मजकूर ही आकडेवारीची थर-वस्तू असते, तिला फॉन्ट आणि आकार वेगळा द्यावा लागतो. पुस्तिका तिथे आकार ६ देते. हे ६ मिलिमीटर असतात, पॉइंट नव्हेत. ६ ला २.८४५ ने गुणले की १७ पॉइंट येतात, म्हणजे अक्षांवरच्या १८ च्या अगदी जवळ. हे माहीत नसलेला माणूस तिथे १८ लिहितो आणि ५१ पॉइंटची टीप आलेखभर पसरते.

दुसरे फंक्शन : शिस्त इथे लागू होते

शैलीतले आकडे पॉइंटमध्ये आहेत. पॉइंट हे निखळ माप आहे, चित्राच्या रुंदीशी त्याचा संबंध नाही. तोच आलेख १६ इंच रुंद जतन केला तर २८ पॉइंटचे शीर्षक रुंदीच्या २.४ टक्के उंचीचे होते, ६४० पॉइंट रुंद चौकटीत ते ४.४ टक्के होते. म्हणजे शैली तंतोतंत पाळूनही दोन माणसांचे आलेख वेगवेगळे दिसतात. थीम लिहून थांबणाऱ्या बहुतेक संस्था इथेच अडकतात.

'फायनलाइझ_प्लॉट' हा सांधा जुळवते. ते तयार आलेख, स्रोताची ओळ, फाइलचा पत्ता, रुंदी, उंची आणि बोधचिन्हाचा पत्ता घेते. रुंदी-उंची सांगितली नाही तर ६४० आणि ४५०. आतला हिशेब असा : पिक्सेलना ७२ ने भागून इंच काढायचे. ६४० भागिले ७२ म्हणजे ८.८९ इंच, ४५० भागिले ७२ म्हणजे ६.२५ इंच. एका इंचात ७२ पॉइंट असतात, त्यामुळे या चौकटीत १ पॉइंट म्हणजे बरोबर १ पिक्सेल. शीर्षक २८, रुंदी ६४०, दोन्ही एकाच मापात आले.

मात्र जतन होताना घनता इंचाला ३०० ठिपके अशी, जतन करणाऱ्या फंक्शनच्या मूळ सवयीप्रमाणेच राहते. म्हणून हाती येणारी फाइल ६४० नव्हे तर २,६६७ पिक्सेल रुंद आणि १,८७५ उंच असते. पहिल्यांदा वापरणारे इथे गोंधळतात आणि रुंदी कमी करून पाहतात. तसे केले की शीर्षक कापले जाते, कारण अक्षरे तेवढीच राहतात. ६४० ही आराखड्याची रुंदी समजावी. लहान फाइल हवी असेल तर मोठी प्रतिमा नंतर आकुंचित करावी.

याच हिशेबाचा पुढचा भाग भ्रमणध्वनीचा. चित्र ३२० पिक्सेल रुंद पडद्यावर निम्मे झाले की शीर्षक १४, अक्षांचे आकडे ९ आणि १६ पॉइंटची स्रोताची ओळ ८ पिक्सेलची उरते. १८ पॉइंटचे आकडे संगणकावर अवाढव्य वाटतात अशी तक्रार कोणी केली तर उत्तर हे आहे. ते भ्रमणध्वनीसाठी तेवढे आहेत.

तळपट्टी हा दुसरा भाग. वर एक आडवी रेषा, डावीकडे स्रोत, उजवीकडे बोधचिन्ह. तिची उंची आलेखाच्या ०.०४५ पट धरली आहे, आणि आलेखाची उंची वाढली की हा गुणक त्याच प्रमाणात कमी होतो. परिणामी चित्र ४५० उंच असो वा ५५०, तळपट्टी साधारण १९ पिक्सेलचीच राहते. बोधचिन्हाचा मध्य रुंदीच्या ०.९४४ वर बांधलेला आहे. म्हणजे उजव्या कडेपर्यंत ३६ पिक्सेल, आणि मध्याच्या दोन्ही बाजू धरून एकूण ७२. चिन्ह १९ पिक्सेल उंच बसवले तर रुंदी-उंचीचे गुणोत्तर ३.७ पेक्षा जास्त असलेले कोणतेही चिन्ह उजवीकडे कापले जाते. आपल्याकडच्या संस्थांची चिन्हे बहुधा गोल मुद्रा आणि शेजारी लांबलचक नाव अशी असतात. अशा चिन्हाची फक्त मुद्रा घ्यावी, किंवा ०.९४४ हा आकडा बदलून मध्य डावीकडे सरकवावा. फाइल पीएनजीच हवी, वाचणारे फंक्शन दुसरे काही वाचत नाही. खुल्या पॅकेजमध्ये चिन्हाच्या जागी पार्श्वभूमीच्या रंगाची एक रिकामी पीएनजी आहे, त्यामुळे पत्ता दिला नाही तर तिथे काहीच दिसत नाही. हे योग्यच आहे. कोड उसना घेता येतो, संस्थेची ओळख नाही.

स्रोताची ओळ आपोआप मोडत नाही. १६ पॉइंटमध्ये साधारण ७० रोमन अक्षरांनंतर ती चिन्हावर चढते. शीर्षकाचेही तसेच : ओळीची रुंदी अक्षराच्या आकाराच्या जेमतेम २३ पट आहे, पुढचा मजकूर कापला जातो आणि कोणतीही सूचना येत नाही. ओळ कुठे मोडायची हे लिहिणाऱ्याने ठरवायचे.

या फंक्शनचे शेवटचे काम शीर्षक चित्राच्या डाव्या कडेला नेण्याचे. जीजीप्लॉट२ त्या काळी शीर्षक अक्षाच्या आकड्यांनंतर, आतल्या चौकटीच्या कडेला ठेवत असे. बीबीप्लॉटने आलेखाची आतली मांडणी उघडून शीर्षकाचा स्तंभक्रमांकच बदलला. मार्च २०२० मध्ये आलेल्या जीजीप्लॉट२ च्या ३.३.० आवृत्तीत ही सोय थीममध्येच मिळाली. आज नवे साधन लिहिताना ती वापरावी, आत हात घालू नये. आत हात घालण्याचा एक परिणाम असा की या टप्प्यानंतर आलेख आलेख राहत नाही, मांडलेल्या तुकड्यांचा गठ्ठा होतो. त्यात नवा थर जोडता येत नाही. म्हणून हे फंक्शन अगदी शेवटी.

वापरात काय बिघडते

सर्वांत महाग पडणारी चूक आरस्टुडिओच्या, म्हणजे आरचा कोड लिहिण्या-चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या, पूर्वदर्शनावर विसंबण्याची. त्या खिडकीची रुंदी ज्याच्या त्याच्या पडद्यावर ठरते. ती चार-पाच इंच असेल तर २८ पॉइंटचे शीर्षक बाहेर जाते, मग माणूस ते २० करतो. जतन केलेल्या चित्रात ते बारके निघते आणि संस्थेच्या शैलीला एक खासगी शाखा फुटते. नियम एकच ठेवावा : पूर्वदर्शनात फक्त आकडेवारी पाहायची, दिसणे पाहायचे ते जतन केलेल्या फाइलमध्ये.

दुसरी चूक क्रमाची. आडव्या स्तंभालेखात आडव्या जाळीरेषा नकोत, उभ्या हव्यात. हा बदल 'बीबीसी_स्टाइल'च्या नंतर लिहिला तरच टिकतो. आधी लिहिला तर शैली तो पुसून टाकते.

तिसरी जरा खोलात आहे. 'बीबीसी_स्टाइल' ही अपूर्ण थीम आहे, ती आधीच्या थीमवर चढते. जे तिने सांगितले नाही ते खालचे तसेच राहते. कोणी सत्राच्या सुरुवातीला काळी-पांढरी थीम कायमची लावून ठेवली असेल तर तिची चौकटीची किनार आलेखाभोवती उरते, कारण किनार काढा असे शैलीत कुठे लिहिलेलेच नाही. स्वतःची शैली लिहिताना ती पूर्ण थीमवर उभी करावी, म्हणजे खाली काय आहे याचा प्रश्नच येत नाही.

विंडोजवर हेल्व्हेटिका सहसा नसतो. फॉन्ट सापडला नाही अशी सूचना येते आणि दुसराच फॉन्ट बसतो. तिथे त्या नावाखाली एरियल नोंदवणे हा सरळ उपाय आहे. एरियलची अक्षररुंदी हेल्व्हेटिकाशी जुळवूनच आखलेली असल्याने ओळी जिथे मोडल्या होत्या तिथेच मोडतात. फाइलचा पत्ता न देता फंक्शन चालवले तर ते तात्पुरत्या फोल्डरचे नाव ज्या चलातून वाचते ते विंडोजवर बहुधा रिकामे असते, म्हणून पत्ता नेहमी द्यावा. जीजीप्लॉट२ च्या ३.४.० पासून रेषेच्या जाडीचे नाव बदलले आहे, जुन्या पाककृती जशाच्या तशा उतरवल्या की सूचना दिसू लागतात. आलेख निघतो, पण सूचना दुर्लक्षित ठेवण्याची सवय लागते आणि मग खरी सूचनाही नजरेतून सुटते.

हीच शैली मराठीत

हेल्व्हेटिकाच्या जागी देवनागरी फॉन्टचे नाव लिहिले की काम झाले असे वाटते. तसे होत नाही. शैलीत फॉन्ट शीर्षक, उपशीर्षक, रंगसूची आणि अक्ष यांना दिलेला आहे. तीन जागा त्यातून सुटतात : उपआलेखांच्या पट्ट्यांवरची नावे (तिथे आकार २२ दिला आहे, फॉन्ट नाही), तळपट्टीतला स्रोत, आणि आलेखाच्या अंगावरच्या टिपा. इंग्रजीत ही गळती जाणवत नाही, कारण मूळ फॉन्टही बहुधा तसाच सरळ वळणाचा असतो. मराठीत मात्र शीर्षक नीट आणि 'स्रोत :' च्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग असे चित्र मिळू शकते. पट्ट्यांना फॉन्ट थीममध्ये द्यावा, तळपट्टीच्या मजकुराला तिच्या फंक्शनमध्ये, आणि टिपांसाठी मजकूर-थराचा मूळ फॉन्टच सत्राच्या सुरुवातीला बदलावा.

फॉन्ट योग्य असूनही अक्षरे मोडतात हा पुढचा प्रश्न. देवनागरी नीट उमटण्यासाठी अक्षरजुळणीचे इंजिन लागते : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी सरकवणे, क् आणि ष चा क्ष करणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणे. आरमध्ये हे काम चित्र काढणाऱ्या उपकरणाकडे असते आणि सगळी उपकरणे ते करत नाहीत. 'शोटेक्स्ट' पॅकेज अक्षरांच्या बाह्यरेषा एकेक करून काढते, म्हणून 'शिक्षण' मध्ये वेलांटी श च्या नंतर पडते आणि क् पायमोडका उभा राहतो. साधे पीडीएफ उपकरण तर देवनागरी घेतच नाही. 'रॅग' हे उपकरण हार्फबझ इंजिन वापरते आणि जोडाक्षरे नीट लावते. जतन करणाऱ्या फंक्शनला 'रॅग'चे पीएनजी उपकरण स्पष्ट नाव घेऊन सांगावे. एकाच्या संगणकावर बरोबर आणि दुसऱ्याच्या संगणकावर मोडके, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

फॉन्ट निवडताना मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' पाहण्यासारखा आहे. देवनागरी आणि रोमन एकाच कुटुंबात, अनेक जाडींत आणि खुल्या परवान्याखाली मिळतात. कोणताही फॉन्ट घ्या, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते आधी पाहा. काही फॉन्टांत मराठी रूपे असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने सांगितले तरच ती बाहेर येतात, आणि आलेख काढणारी साधने ते सहसा सांगत नाहीत.

मग मापे. देवनागरीत त्याच पॉइंटात वर-खाली मात्रा-उकारांना जागा द्यावी लागते, म्हणून अक्षराचे मधले अंग रोमनपेक्षा लहान दिसते. भ्रमणध्वनीवर ८ पिक्सेलची स्रोताची ओळ वाचली जाणार नाही. अक्ष २० आणि स्रोत १८ पॉइंट करावा. पण १८ पॉइंटची मराठी ओळ १९ पिक्सेलच्या तळपट्टीत मावत नाही, वेलांट्या वरच्या रेषेला टेकतात. ०.०४५ चा गुणक ०.०७ करावा, तळपट्टी २९ पिक्सेलची होते. दोन ओळींच्या शीर्षकात ओळींमधले अंतर मुळात ०.९ असते. त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. ते १.१५ ते १.२ ठेवावे.

आकडे हा स्वतंत्र भाग आहे आणि तो थीममध्ये बसत नाही, कारण आकडा कसा लिहायचा हे अक्षाची मोजपट्टी (स्केल) ठरवते. त्यासाठी तिसरे छोटे फंक्शन लागते. त्याचा क्रम : आधी आकडा घातांकाशिवाय लिहायला लावणे, नाहीतर एक लाखाच्या जागी एक, ई, अधिक, शून्य, पाच अशी ओळ उमटते. मग शेवटचे तीन अंक सोडून बाकीचे दोन-दोनच्या गटात तोडणे, म्हणजे १२,३४,५६७. आणि सर्वांत शेवटी अंक देवनागरीत बदलणे. हा शेवटचा टप्पा आधी केला तर गट पाडणारी नमुनाजुळणी देवनागरी अंकांना अंक म्हणून ओळखत नाही आणि स्वल्पविराम पडतच नाहीत.

एक्सेलमध्ये हेच करायचे तर

संस्थेतले बहुसंख्य आलेख आरमध्ये नव्हे, एक्सेलमध्ये होतात. तिथे दोन फंक्शन्सच्या जागी दोन फाइली असतात : थीम आणि आलेखाचा टेम्प्लेट. थीममध्ये बारा रंगांच्या जागा आहेत, चार मजकूर-पार्श्वभूमीच्या, सहा ठळक रंगांच्या, दोन दुव्यांच्या. आलेखातली सातवी मालिका आली की एक्सेल पहिल्याच रंगाची गडद छटा घेते. म्हणून सहा मालिकांवर थांबणे हा संस्थेचा नियम असावा.

टेम्प्लेट त्या-त्या माणसाच्या फोल्डरमध्ये जतन होतो, शेजारच्या टेबलावर तो नसतो. आणि त्यात आलेखाचा आकार लागू होत नाही. म्हणजे दुसऱ्या फंक्शनचे काम इथे कोणीच करत नाही, ते हाताने किंवा मॅक्रोने करावे लागते. हिशेब तोच. आलेखाची रुंदी १६.९३ सेंटिमीटर आणि उंची ११.९१ ठेवली तर पडद्याच्या ९६ ठिपक्यांच्या मापाने ती ६४० आणि ४५० होते. एवढ्या रुंदीत ४८० पॉइंट आहेत, म्हणून सगळी अक्षरे पाऊणपट : शीर्षक २१, उपशीर्षक १६.५, अक्ष १३.५, स्रोत १२. हे चार आकडे भिंतीवर लावले तरी अर्धे काम होते.

आलेख उचलून वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये डकवला की रंग बदलतात. आलेखात रंग 'ठळक रंग क्रमांक १' असा नोंदलेला असतो आणि समोरच्या फाइलचा क्रमांक १ वेगळा असतो. डकवताना मूळ सजावट राखण्याचा पर्याय निवडावा, किंवा तिन्ही सॉफ्टवेअरना एकच थीम लावावी. दुसरा मार्ग चांगला.

लाख-कोटींसाठी विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर विसंबू नये. भारतीय सेटिंगवर १२,३४,५६७ दिसणारी फाइल दुसऱ्या सेटिंगवर १,२३४,५६७ दाखवते. पेशीच्या आणि अक्षाच्या प्रारूपात हे लिहावे :

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

ऋण आकडे यात तिसऱ्या भागात जातात आणि त्यांचे गट संगणकाच्या सेटिंगप्रमाणे पडतात. तूट दाखवणाऱ्या तक्त्याला ऋण बाजूचे वेगळे प्रारूप द्यावे.

तक्त्यांच्या सजावटीत पेशीशैली वापराव्यात, एकेक पेशी रंगवू नये. एका कार्यपुस्तिकेत वेगवेगळी पेशीरूपे ६५,४९० पर्यंतच चालतात. वर्षानुवर्षे एकातून दुसरीत पाने नकलत नेलेल्या वार्षिक अहवालाच्या फाइली या मर्यादेला पोचतात आणि मग नवी सजावट घेतच नाहीत. पायथन भाषेतल्या, एक्सेल फाइली हाताळणाऱ्या ओपनपायएक्सएल या पॅकेजने सजवलेली फाइल उघडून त्यात आकडे भरणार असाल तर आधी नकलेवर करून पाहा, उघडून जतन करताना आतल्या काही आकृत्या हरवू शकतात.

मराठीसाठी एक्सेलची एक खोच माहीत असायलाच हवी. थीममध्ये फॉन्ट एक नसतो. रोमनचा वेगळा, पूर्व आशियाई लिप्यांचा वेगळा, जोडाक्षरी लिप्यांचा वेगळा, आणि खाली लिपीनिहाय यादी असते. ऑफिसच्या मूळ थीममध्ये त्या यादीत देवनागरीसमोर 'मंगल' लिहिलेले असते. फॉन्ट निवडण्याच्या खिडकीत संस्थेचा फॉन्ट बसवला तरी तो रोमनच्या जागी बसतो आणि आलेखातली मराठी अक्षरे मंगलमध्येच उमटू शकतात. फाइल ही मुळात झिप असते. ती उघडून थीमच्या एक्सएमएल फाइलमध्ये देवनागरीसमोरचे नाव आणि जोडाक्षरी लिपीची जागा, दोन्ही बदलावीत आणि मग थीम जतन करून वाटावी.

शैली आर, एक्सेल किंवा आणखी कशातही बांधलेली असो, तिच्यासोबत पाच-सहा कसोटीचे आलेख ठेवावेत : एक रेषेचा, एक आडव्या स्तंभांचा, एक चार उपआलेखांचा, एक ऋण आकड्यांचा, एक अंगावर टीप असलेला. पॅकेजची किंवा ऑफिसची नवी आवृत्ती आली की ते पुन्हा काढून जुन्या चित्रांवर ठेवून पाहावेत. शीर्षकात मुद्दाम अवघड शब्द घालावेत : 'दऱ्याखोऱ्यांतील ॲनिमिया : वर्षनिहाय शृंखला, ज्येष्ठ व कुऱ्हाडीचा ऱ्हस्व-दीर्घ तक्ता'. अर्थ लागला नाही तरी चालेल. त्यात चंद्रकोरीसारखा र आहे, जुन्या फॉन्टांत नसलेला ॲ आहे, रफार आहे, ष्ठ आहे, शृ आहे. यातले एकही अक्षर मोडले तर त्या दिवशी आलेख बाहेर पाठवू नये.